मुकं दार

१

ज्या दुपारी हजारो पिल्लं अंड्याच्या आतच भाजून मेली, त्या दुपारी मी टाळ्या घेत होते.

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी. करंडक माझ्या कोपराएवढा उंच. दुसरी आलेली मुलगी, निळ्या रिबिनीची, मंचामागे हुंदके देत होती. मी तिला म्हटलं, "रडताना तरी आवाज पोटातून काढ, मागच्या रांगेपर्यंत पोचत नाहीये." हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी येईपर्यंत मी ते मनातल्या मनात घोळवत होते.

घरी ताईची खुर्ची रिकामी होती. लॅपटॉप उघडाच. आई ओट्याशी उभी.

"ताई कुठाय?"

"हॅचरीतून फोन आला. यंत्र तापलंय, सगळं गेलं, ताबडतोब ये. एवढंच बोलले आणि ठेवला. पायात माझ्या चपला घालून पळाली." आई परत ओट्याकडे वळली. "आतून कवच टोचायला लागली होती गं पिल्लं. आज ना उद्या बाहेर आली असती."

मी करंडक टीव्हीशेजारी ठेवला. आईने तो उचलला, खालची धूळ पुसली, परत ठेवला. विचारलं काहीच नाही.

ताई आली तेव्हा तिच्या कपड्यांना उकडलेल्या अंड्यांचा वास येत होता. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"भोंगा," ती म्हणाली. मला ती याच नावाने हाक मारते, कारण उघड आहे. "आज काही विचारू नकोस. माझ्या किल्लीने आत शिरून कुणीतरी तापमान चढवलंय. आधी अलार्म बंद केला, मग चढवलं. यंत्राला विचारलं तर ते माझं नाव सांगतंय."

"कुणीतरी म्हणजे कुणी?"

"मालकीणबाई म्हणतात, 'कुणीतरी' हा शब्द काढून टाक. तूच."

२

आमच्या घरात तीन बायका. बाबा जहाजावर असतात. ते घरी पाहुण्यासारखे येतात आणि सामानासारखे जातात. ते गेले की आई त्यांचा टॉवेल बरेच दिवस धूत नाही.

ताई हॅचरीत तंत्रज्ञ. हॅचरी म्हणजे अंडी उबवायचा कारखाना: आधी मोठ्या यंत्रात, आणि शेवटी पिल्लं बाहेर यायच्या वेळी दुसऱ्या यंत्रात, ज्याला हॅचर म्हणतात. तिथे तापमान जरा वर गेलं तरी पिल्लं गुदमरतात. निम्मा आठवडा ताई तिथे असायची आणि निम्मा आठवडा घरच्या टेबलावरून व्हीपीएनने ती यंत्रं सांभाळायची. पडद्यावर आकडे आणि कॅमेऱ्याचं चित्र. आंघोळीला जाताना सुद्धा तिचा जीव तिथेच; दारातून ओरडायची, "बघा गं कुणीतरी जरा, वाजलं तर इथे दाबा." कुणीतरी म्हणजे मी नाही. मला ती हातही लावू द्यायची नाही. मी किती मागे लागले होते, एकदा, फक्त एकदा मला तापमान वाढवू दे. "तुझ्या हातात दिलं तर ऑम्लेट होईल," म्हणायची.

आणि आता ऑम्लेट झालं होतं, तिच्या नावावर.

मालकीणबाईंचं म्हणणं असं: हिने चुकून तापमान वाढवलं आणि झाकायला अलार्म दाबला. परवापर्यंत लेखी कबुली द्या आणि मुकाट्याने जा, नाहीतर मी पोलिसांत देते. कबुली दिली की कुठलीच हॅचरी तिला दारात उभी करणार नव्हती. आणि याच महिन्यात ती समुद्रापलीकडच्या नव्या केंद्राची प्रमुख म्हणून जाणार होती. बॅग अर्धी भरलेली. मला तिचा जुना फोनसुद्धा मिळून गेला होता: कोपऱ्यात तडा गेलेला, तिच्या अ‍ॅप्सचा सगळा पसारा शेवटच्या पानावर कोंबलेला. त्याला कुलूप लावायचं नाही, हा आईचा नियम.

"तू कबुली देणार नाहीयेस," मी ताईला म्हटलं. "मी शोधून काढते."

"तू?"

"जिल्ह्यात पहिली आलेय मी."

"बोलण्यात."

"मग पोलीस तरी दुसरं काय करतात? बोलतंच करतात ना लोकांना."

ताई हसली नाही. तिने हात पुढे केला. "तुझा फोन बघू."

मी दिला. ती शेवटच्या पानावर गेली, बराच वेळ पाहत राहिली आणि मग माझ्याकडे अशी पाहायला लागली, जशी मी लहानपणी ताप घेऊन झोपायचे तेव्हा पाहायची.

"हॅचरीत जायचंच असेल तर जा," ती म्हणाली. "पण हा फोन घरी ठेवून जा."

३

हॅचरीत शिरायचं म्हणजे आधी पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मग अंगभर पांढरा डगला, डोक्याला टोपी. हवेत पिल्लांची लव तरंगते आणि नाकात जाते.

देखरेख करणाऱ्या माणसाला सगळे थर्मामीटर म्हणतात, कारण एक त्याच्या खिशात कायम असतो आणि माणूसही पाऱ्यासारखाच, हातात येत नाही. समुद्रापलीकडची जागा त्यालाच हवी होती, हे ताईकडून मला आधीच कळलं होतं. तो मेलेल्या अंड्यांचे ट्रे उपसत होता.

"बघायचंय?" त्याने एक ट्रे माझ्या नाकासमोर धरला. कवचांना बारीक भोकं पडलेली. एका भोकातून चोच बाहेर आलेली, उघडी. "हवा शोधत होती. ताईला सांग, छान शेकली."

"ताईने नाही केलं."

"नाही ना? मग अंडी स्वतःच उठून बटण दाबायला गेली असतील." त्याने ट्रे मागच्या दळायच्या यंत्रात रिकामा केला. यंत्राने कुरकुर करून अंडी गिळली. "घाबरू नकोस. एरवीसुद्धा कोंबडे निघाले की आम्ही इथेच टाकतो, जिवंत. अंडी देत नाहीत ना ते. आज नर-मादी निवडायचे कष्ट वाचले."

"तुम्ही कुठे होतात त्या दुपारी? हॅचर तापलं तर हात लावून कळलं असतं तुम्हाला."

त्याचा चेहरा बंद झाला. "बाहेर गेलो होतो."

"कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर." मग तोंड वाकडं करून, "तू जिंकलीस ना? अभिनंदन."

माझी कीर्ती इथवर पोचली, म्हणून मला दोन क्षण बरं वाटलं. पण मग त्याच्या खुर्चीमागच्या फलकावर माझी नजर गेली. तिथे ताईच्या पहिल्या दिवसाचा फोटो टाचलेला होता. ताई एका पडद्यासमोर फोन धरून उभी आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचा चौकोन. क्यूआर कोड. किल्ली अशीच दिली असणार.

कामावरून गायब असलेला माणूस, डोळ्यांत भरलेली जागा आणि पाठीशी हा फोटो. मला हसू आवरेना.

४

हॅचरीचं जाळं वायरकाकांनी बांधलेलं. त्यांचं दुकान म्हणजे एक खिडकी आणि मागे वायरींचं घरटं. ते बिस्किट चहात बुडवत बसले होते.

"व्हीपीएन म्हणजे बोगदा, एवढं मला माहितीये," मी म्हटलं. "पुढचं सांगा."

"बोगदा? फावडं कुणी मारलं?" काकांनी बिस्किट वाचवलं. "काही खणलेलं नसतं. रस्ता तोच, सगळ्या जगाचा. तुझी ताई घरून हुकूम सोडते, समज, 'तापमान इतकं ठेव.' त्या चिठ्ठीवर आतला पत्ता असतो, हॅचरीच्या आतल्या खोलीचा. बाहेरच्या रस्त्यावर तो पत्ता कुणाला कळत नाही. म्हणून ती चिठ्ठी गुप्त लिपीत करायची, पेटीत घालायची आणि पेटीवर बाहेरचा पत्ता टाकायचा. तुमच्या घरापासून हॅचरीतल्या माझ्या डब्यापर्यंत. डबा पेटी उघडतो, आतली चिठ्ठी काढतो, आणि ती चिठ्ठी आत अशी फिरते, जणू ताई शेजारच्याच खोलीत बसलीय. वाटेतल्या चोराला पेटी दिसते. मजकूर नाही."

"आणि चोरानेच येऊन डब्याचं दार ठोठावलं तर?"

"तिथेच तर पद्धती-पद्धतींत फरक. जुन्या पद्धतींतल्या काही फार सभ्य. कुणीही टकटक केली की विचारायच्या, 'कोण?' झालं, चोराला कळलं की इथे दार आहे. मी बसवलीय ती मुकी आहे. किल्ली बरोबर असेल तर हात मिळवते, त्या वेळेपुरतं नवं कुलूप तयार करते, थोड्या वेळाने तेही फेकून दुसरं. किल्ली चूक असेल तर 'नाही' सुद्धा म्हणत नाही. गप्प. बाहेरच्याला वाटतं, भिंत आहे."

"म्हणजे ज्याने केलं त्याच्याकडे ताईची किल्ली होतीच."

"होतीच. आतला पत्ता किल्लीला बांधलेला असतो. मालकीणबाईंनी आतला पत्ता पाहिला, ताईचा निघाला, तिथेच थांबल्या."

"ताई म्हणते, त्या दुपारी तिचा पडदा अडखळत होता."

काकांचं बिस्किट चहात पडलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. "तुटला का अडखळला? नीट सांग."

"चित्र गोठायचं, एकदम पुढे सरकायचं, परत गोठायचं. मग गोठलंच. आकडा जुनाच, छान. अंडी अखंड. तिला वाटलं लाइन खराब आहे, येईल थोड्या वेळात. नंतर फोनच आला."

"अरे देवा," काका हळूच म्हणाले. "दोघं होते."

"कोण दोघं?"

"माझा डबा माणूस ओळखत नाही, किल्ली ओळखतो. त्या किल्लीची शेवटची पेटी ज्या दिशेने आली, त्या दिशेला तो उत्तर पाठवतो. म्हणून ताई घरातून उठून बसमध्ये बसली तरी जोडणी तुटत नाही. ती जिथून बोलेल तिथे उत्तर. पण त्याच किल्लीची नक्कल घेऊन दुसरा कुणी त्याच वेळी बोलायला लागला तर? उत्तरं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे. जो जास्त बडबडेल त्याच्याकडे जास्त. तुझ्या ताईची उत्तरं कुणीतरी पळवत होतं. म्हणून तिला जुनाच आकडा दिसत राहिला."

मी खुर्चीवरून उठलेच. "काका, किल्ली तुम्ही ताईला कशी दिली होती?"

"क्यूआर कोडने. पडद्यावर दाखवला, तिने फोनने टिपला. लॅपटॉपमध्येही तीच घातली. प्रत्येक यंत्राला वेगळी द्यायला हवी होती खरं तर." ते कान खाजवायला लागले. "कंटाळा केला मी."

"फोटोवरून टिपता येईल?"

"स्पष्ट असेल तर का नाही."

"आणि पेटीवरचा बाहेरचा पत्ता? तो कुणाच्या घरचा आहे हे डब्याला आठवतं?"

"आठवतं. पण मालकीणबाईंनी सांगितल्याशिवाय मी उघडणार नाही."

"सांगतील," मी म्हटलं. "मी त्यांना सांगायला लावते."

५

मी ताईला सगळं एका दमात सांगितलं. ती बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावत होती.

"दोघं होते, कळतंय का तुला? तू सुटलीस. उद्या सगळ्यांसमोर काकांना बाहेरचा पत्ता उघडायला लावायचा, थर्मामीटरचं घर निघणार आणि—"

"बाहेरचा पत्ता उघडायचा नाही."

"काय?"

"ऐक माझं. मी कबुली देतेय. मीच केलं म्हणून सांगतेय. संपलं."

"पण तू नाही केलंस."

"भोंगा, त्या दिवशी तू किती वाजता घरी आलीस?"

"तू गेल्यावर. का?"

तिला ते खरं वाटलं नाही, हे तिच्या हातांवरून कळलं. एकच सदरा ती परत परत घडी करत होती. "स्पर्धा सकाळी होती ना?"

"लांबली. तुला काय करायचंय?"

"काही नाही. तू अजून लहान आहेस. एखादी गोष्ट हातून होते आणि मग सांगायची भीती वाटते. मी समजू शकते." तिने माझ्या गालाला हात लावला. "फक्त तू बोलू नकोस. उद्या एक दिवस तोंड बंद ठेव. जमेल?"

मला वाटलं, ताई खचलीय. खचलेल्या माणसाला काय कळतं. मी मान हलवली, आणि सकाळी उठून आरशासमोर भाषणाची तयारी केली.

६

मालकीणबाईंच्या खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावर कबुलीचा कागद होता. ताई पेन हातात घेऊन बसलेली. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून आई डबा घेऊन आली होती; पांढऱ्या डगल्यात, टोपी घालून कोपऱ्यात बसली होती. दाराशी थर्मामीटर. वायरकाकांना मीच बोलावून आणलं होतं.

"सही कर," मालकीणबाई म्हणाल्या.

"थांबा," मी म्हटलं. पोटातून. मागच्या रांगेपर्यंत.

ताईने डोळे मिटले.

मी बोलले, आणि काय बोलले. मुकं दार, म्हणून बाहेरचा चोर नाही. किल्लीच्या दोन नकला, म्हणून ताई एकटी नाही. अडखळणारा पडदा, म्हणून दोघं एकाच वेळी. मग मी थर्मामीटरकडे वळले आणि फलकावरचा फोटो त्याच्यासमोर धरला. "हा फोटो कुणाच्या पाठीमागे होता? ताईची जागा कुणाला हवी होती? आणि त्या दुपारी हे साहेब कुठे गेले होते, ते सांगत का नाहीत?"

थर्मामीटरच्या कानशिलावरची शीर उडत होती. 

"काका," मी म्हटलं, "बाहेरचा पत्ता."

काकांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. काकांनी बटणं दाबली, चष्मा वर केला, खाली केला.

"पोरी, बस जरा."

"वाचा ना."

"दोघं होते हे तुझं बरोबर. पेटी एकदा एका खिडकीतून आलीय, एकदा दुसऱ्या. ताईचा लॅपटॉप आणि दुसरं एक यंत्र." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "पण घर एकच आहे. दोन्ही खिडक्या तुमच्याच घराच्या."

पंखा फिरत राहिला.

"दुसरं यंत्र कुठलं?" मालकीणबाईंनी ताईला विचारलं.

ताईने कबुलीचा कागद जवळ ओढला.

"किल्ली मी आधी फोनमध्येच दिली होती," काका म्हणाले. "तो फोन कुठाय?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नाही.

७

"अच्छा," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हणून ताई सही करत होती."

"ती लहान आहे," ताई म्हणाली. "तिला बटण दाबून बघायचं होतं, बस. मी किल्ली काढून टाकायला हवी होती. चूक माझी."

"मी नाही. ताई, मी नाही केलं. मी मंचावर होते."

"सगळ्यांना असंच वाटतं त्या वयात," मालकीणबाई म्हणाल्या.

तेव्हा दाराकडून आवाज आला. "मंचावरच होती."

थर्मामीटर जमिनीकडे बघत होता. "शेवटच्या टाळीपर्यंत. मी पहिल्या रांगेत होतो. माझी मुलगी दुसरी आली." त्याने मान वर केली. "निळ्या रिबिनीची. त्यानंतर ही तिला काय म्हणाली तेही मी ऐकलं. दोन दिवस झाले, मुलगी शाळेत तोंड उघडत नाही. हजेरीलासुद्धा हात वर करते."

मी हातातला फोटो टेबलावर पालथा ठेवला.

"म्हणजे तुम्ही ड्यूटी सोडून भाषणं ऐकत होतात," मालकीणबाई म्हणाल्या.

"हो."

"हॅचर वाऱ्यावर टाकून."

"हो."

"डगला काढून ठेवा आणि जा."

त्याने गुंड्या सोडल्या. माझ्यासमोरून जाताना हळूच म्हणाला, "गप्प राहता आलं असतं मला. तुझ्यासारखं नाही व्हायचं, एवढंच ठरवलं."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकदा ओळ सुरू झाली की शेवटपर्यंत गेल्याशिवाय राहत नाही. घर एक. फोन घरी, स्पर्धेत फोन चालत नाही म्हणून. त्याला कुलूप नाही. बाबा समुद्रावर. ताई लॅपटॉपवर, दुसऱ्या खिडकीत. आणि ज्याने केलं त्याने आधी अलार्म दाबला, सवयीने, जसं दारातून ओरडून शिकवलं होतं तसं. वाजलं तर इथे दाबा.

"ताई," मी म्हटलं, "तुझ्या पडद्यावर अंडी शेवटपर्यंत अखंड होती ना? चोचींनी टोचलेली तू कधी पाहिलीस?"

"इथे आल्यावर. ट्रे उघडल्यावर."

"फोनवर तुला कुणी सांगितलं होतं?"

"नाही. सगळं गेलं, एवढंच."

"मग तू घरी परत यायच्या आधीच मला कुणी सांगितलं, की पिल्लं टोचायला लागली होती?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच पडली नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

आईने मांडीवरचा डबा खाली ठेवला. टोपीतून बाहेर आलेले केस आत सारले.

"इतकं बोलायला कुणी शिकवलं गं तुला?" ती मला म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती.

"आई?" ताई म्हणाली.

"तू दाखवलंस ना मला. आंघोळीला जाताना. इथे दाबलं की गप्प होतं, इथे दाबलं की ऊब वाढते. तू पलीकडच्या खोलीत बसलेली. मी म्हटलं, एकदाच मोठी चूक झाली तर तिकडे पाठवणार नाहीत. घरी राहील. एक तर आधीच पाण्यावर आहे."

"पिल्लं दिसत होती तुला चित्रात."

"दिसत होती." आईने थोडा विचार केला. "निम्मी तर तुम्ही दळताच."

मालकीणबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ताईने कबुलीचा कागद उचलला, सावकाश चार तुकडे केले आणि टेबलावर ठेवले.

"मला वाटलं ही आहे," ती म्हणाली. "हिच्यासाठी मी सगळं सोडत होते. आणि तू, आई, तू मला सही करताना बघत बसली होतीस. डबा घेऊन."

"खाल्लं नव्हतंस सकाळपासून," आई म्हणाली.

"आणि मला?" मी विचारलं. "मी केलं असं सगळे म्हणत होते, तेव्हाही तू गप्पच?"

आईने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच, करंडक आणल्यापासून. "तुला कोण नेणार होतं कुठे? तू घरातच राहिली असतीस."

८

पोलीस आले नाहीत. मालकीणबाईंना हॅचरीचं नाव बाहेर यायला नको होतं. ताईचं नाव स्वच्छ झालं आणि जायचा दिवस अलीकडे आला. तिने अर्धी राहिलेली बॅग तासाभरात भरली. जाताना मला जवळ घेतलं, पण हात सैल होते. "तू बरोबर होतीस," ती म्हणाली. "पण मी तुला एक दिवस गप्प बस म्हटलं होतं." तिकडे गेल्यावर तिने नंबर बदलला. नवा आम्हाला दिला नाही.

निळ्या रिबिनीची मुलगी शाळा सोडून गेली. राज्याच्या फेरीला आता जिल्ह्यातून मी एकटीच आहे.

वायरकाकांनी जुनी किल्ली रद्द केली. फोनमध्ये मात्र ती अजून आहे, शेवटच्या पानावर. आईला रद्द म्हणजे काय ते कळत नाही. तिला वाटतं, तिकडचं नवं केंद्रही त्याच बोगद्यात असणार, तिथेही कॅमेरा असणार आणि ट्रे उचलताना कधीतरी ताईचा हात दिसणार. संध्याकाळी कामं आवरली की ती फोन घेऊन खिडकीत बसते. बटण दाबते. वरचं चक्र फिरत राहतं. फोन टकटक करतोय, थांबतोय, परत करतोय. पलीकडून 'नाही' येत नाही. 'चुकीची किल्ली' येत नाही. काहीच येत नाही.

"लाइन खराब आहे का गं?" ती विचारते.

मला एका वाक्यात सांगता येईल. मी जिल्ह्यात पहिली आहे. कुठलीही गोष्ट मी कुणालाही एका वाक्यात समजावून सांगू शकते.

"असेल," मी म्हणते. "परत दाब, आई."

आणि ती दाबते. मी आरशासमोर उभी राहून भाषणाची तयारी करते.